उपासनेचे गीत, लोकचाल आणि हजीऱ्यातील एक खोली

मुलताईपाशी उगम पावलेली तापी नदी खानदेशाचा मुलूख भिजवीत आणि सुरतेला वळसा घालीत सुमारे 724 किलोमीटरांचा प्रवास संपवते, तो हजीऱ्यापाशी. पोलादाचे, खताचे आणि नैसर्गिक वायूचे प्रचंड कारखाने, बंदराचे धक्के आणि घोघ्याला जाणारी फेरीबोट यांनी आज गजबजून गेलेल्या या टापूला लागूनच सुवालीचा किनारा आहे, आणि ख्रिस्ती उपासनागीताशी या किनाऱ्याचा आलेला संबंध चारशे वर्षांहून जुना आहे. 1612 साली येथील पाण्यात इंग्रज आणि पोर्तुगीज गलबतांची लढाई झाली. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच किनाऱ्यावर उतरून पुढे जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला. आणि 1616 साली त्याच्या तैनातीत रुजू होणारा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी येथेच जहाजातून पायउतार झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर नित्य प्रार्थना होत असे आणि दाविदाची स्तोत्रे इंग्रजी पद्यात म्हटली जात. म्हणजे ख्रिस्ती स्तोत्राचे स्वर सुवालीच्या वाळूवर त्या काळीच येऊन पोहोचले होते.

परंतु त्याच 1616 साली, येथून शेकडो मैल दक्षिणेस, गोव्यातील राचोल येथे एक ग्रंथ छापून बाहेर पडला, आणि त्याचा कर्ताही इंग्रजच होता. फादर टॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यास आला, तेथील भाषा शिकला, आणि बायबलाची कथा त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांत मराठीत सांगितली. ‘क्रिस्तपुराण’ या नावाने तो ग्रंथ आपण ओळखतो. त्या काळची छापील प्रत आज कोठेही उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी तो जगवला, 1907 साली मंगळूर येथे जे. एल. साल्दाना यांनी तो रोमन लिपीत पुन्हा छापला आणि 1956 साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत सिद्ध केला. सुवालीस उतरलेल्या इंग्रजांनी आपली स्तोत्रे आपल्या चालीसकट आणली आणि चालीसकट परत नेली. स्टीफन्सने मात्र सांगायचा आशय बरोबर आणला आणि छंद या भूमीचा घेतला. देवळात जमलेल्या माणसांना ओवीची चाल मुखोद्गत होती, त्यामुळे नवी कथा ऐकताना त्यांना नवे गाणे शिकावे लागले नाही. स्तोत्राला लोकचाल लावणे म्हणजे काय, याचा मराठीतील हा आद्य दाखला होय, आणि आज एखादे मराठी कुटुंब हजीऱ्याच्या कॉलनीतील आपल्या क्वार्टरमध्ये एखादे उपासनागीत लोकचालीवर बसवून त्याचे रेकॉर्डिंग करू पाहते, तेव्हा त्याच्यापुढे मूलतः स्टीफन्सचाच प्रश्न उभा असतो.

तो प्रश्न केवळ ढोलकी घ्यावी की ऑर्गन, इतका वरवरचा नाही; त्याचे मूळ छंदात आहे. इंग्रजी स्तोत्रांचा अत्यंत रूढ असा एक बंध आठ, सहा, आठ, सहा शब्दावयवांच्या (सिलेबलांच्या) चार ओळींचा आहे, आणि त्यात एकाआड एक शब्दावयवावर आघात येतो; चालही त्या आघातांच्या बेताने रचलेली असते. मराठी शब्दात आघाताला इतके महत्त्व नाही. अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, यावर मराठीची चाल तोलली जाते. एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी गीतांची भाषांतरे करून ती त्याच परदेशी चालींत बसवली, तेव्हा अर्थ शुद्ध असूनही ऱ्हस्व अक्षरे ताणली जाऊ लागली, दीर्घ अक्षरे आखडू लागली, आणि विभक्तीच्या प्रत्ययावर ठोका पडून मूळ शब्द मात्र झाकोळला गेला. आजही अशी गीते म्हणताना मंडळीतील वयोवृद्ध माणसे अडखळतात, ती गळ्याच्या दोषामुळे नव्हे. चाल त्यांच्या जिभेला उलट दिशेने ओढते, म्हणून.

अभंगाची गोष्ट निराळी. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरांची चार चरणांत विभागणी असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक साधलेले असते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण पुरतात. यात अक्षरे मोजायची, लघुगुरूचा जाच नाही. गाणाऱ्याने आपल्या श्वासाप्रमाणे अक्षर लांबवावे किंवा सोडावे, त्याला छंदाची मुभा आहे. नारायण वामन टिळकांनी हे मर्म पुरतेपणी ओळखले होते. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले टिळक पुढे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहिले, आणि 1842 पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राशी त्यांचे नाव कायमचे निगडित झाले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची स्वतःची भावना होती. तेव्हा त्यांच्या ‘अभंगांजली’तील रचना वारकऱ्याच्या टाळावर जशाच्या तशा बसतात, यात नवल नाही. त्याच नगरच्या परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती, आणि मराठी मंडळ्यांच्या हाती असलेल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात देशी आणि परदेशी अशा दोन्ही चाली शेजारी शेजारी नांदतात.

स्तोत्राने लोकगीताचा आश्रय घ्यावा, हे काही आपल्याकडेच घडले असे नाही. राल्फ व्हॉन विल्यम्स हा इंग्रज संगीतकार 1903 च्या सुमारास खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांच्या तोंडच्या चाली टिपून घेत होता, आणि 1906 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंग्लिश हिम्नल’ या संग्रहाचे संगीत-संपादन त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने त्यांतील कित्येक चाली प्रार्थनामंदिरात नेल्या. ज्या गावी चाल मिळाली त्याचेच नाव तिला देण्याचा त्याचा प्रघात होता, आणि सरे परगण्यातील ‘फॉरेस्ट ग्रीन’ हे लहानसे गाव त्यामुळे जगभरच्या स्तोत्रसंग्रहांत जाऊन बसले. जॉन न्यूटनचे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत 1779 साली छापले गेले, पण आज सर्वतोमुखी असलेली त्याची चाल त्याला अमेरिकेत 1835 साली विल्यम वॉकरच्या ‘सदर्न हार्मनी’ या संग्रहात लाभली. मधल्या अर्धशतकात ते गीत निरनिराळ्या चालींवर गायले जात होते. शब्द आणि चाल यांची गाठ जन्मतःच बांधलेली असते, ही समजूत म्हणूनच फारशी टिकत नाही. उलट, शब्द जुना आणि चाल त्याहून जुनी असे दोन प्रवाह एखाद्या ठिकाणी भेटतात, आणि ते भेटल्यावर पुढची पिढी त्यांना वेगळे करू शकत नाही.

सुरत-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेस आली, आणि हजीऱ्याच्या कारखान्यांतही नंदुरबार, धुळे, जळगाव तसेच नगर-संभाजीनगरकडील माणसे मोठ्या संख्येने आहेत. आमच्या कॉलनीतील काही मराठी ख्रिस्ती घरे आळीपाळीने एकमेकांकडे उपासनेस जमतात. तेथे टिळकांचा एक अभंग नेहमी म्हटला जातो, तो भजनाच्या सर्वपरिचित चालीवर. आणि एके दिवशी नंदुरबारकडच्या एका मावशींनी तोच अभंग जात्यावरच्या ओवीच्या चालीवर गुणगुणला, तेव्हा त्याचे रूपच पालटून गेले. भजनाच्या चालीत तो अभंग समुदायाचा होता, ओवीच्या चालीत तो एका बाईने पहाटे एकटीने केलेल्या प्रार्थनेसारखा ऐकू आला. हा फरक कोठून आला, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ओवीच्या चालीत पहिले तीन चरण जवळजवळ एकाच स्वरवाक्यात चढत जातात आणि शेवटचा चरण खाली उतरून थांबतो. मोठ्या अभंगाचा शेवटचा चरण चारच अक्षरांचा असल्यामुळे तेथे दोन अक्षरांइतका अवकाश मोकळा राहतो. भजनात हा अवकाश टाळांनी भरून निघतो, जात्यावर तो दगडाच्या घरघरीत विरून जातो. मावशींच्या मुखी त्या जागी नुसता श्वास होता. त्या चालीवर अभंग घरी मुद्रित करताना आम्ही ठरवले की हीच जागा राखायची, तिच्यात वाद्य घालायचे नाही. झील धरणाऱ्यांनी पुढचे पद तेथूनच उचलावे, मात्र श्वास ऐकू आल्यानंतर.

या ओव्यांच्या जतनासाठी महाराष्ट्रात झालेले एक थोर कार्य येथे आठवते. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुण्याहून चाललेल्या प्रकल्पात ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या टिपल्या गेल्या, त्यांतील पुष्कळांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि ‘परी’ या संस्थेमार्फत त्या आता कोणासही ऐकावयास मिळतात. ती मुद्रणे ऐकताना प्रथम मनात भरते ती त्यांतील जागा: घर, ओटा, जात्याचा आवाज, मागून हाक मारणारे लेकरू. गाणारीला तिच्या स्थानावरून न हलवता मुद्रण करावे, हा धडा मी तेथूनच घेतला, आणि घरी रेकॉर्डिंग करण्याला कमीपणा न मानण्याचे कारणही तेच. शहरातील स्टुडिओत मावशींना काचेपलीकडे उभे करून कानाला हेडफोन लावला असता, तर सूर बहुधा अचूक मिळाला असता आणि ओवी मात्र हरवली असती.

वाद्यांची निवड ही लोकचालीच्या कामातील सर्वांत नाजूक बाब आहे, कारण मराठी कानाला प्रत्येक वाद्य एक स्थळ सांगते. पखवाज वाजला की वारी डोळ्यांपुढे उभी राहते. संबळ आणि तुणतुणे ऐकू आले की गोंधळ. दिमडी म्हणजे खंडोबाचे जागरण. ढोलकीच्या एका विशिष्ट बोलावर तमाशाचा फड. ही स्थळे अनिष्ट आहेत असे मुळीच नव्हे. पण गाण्याचा आशय ज्या स्थळी बसायला हवा, तेथे वाद्याने त्याला न्यावे, दुसरीकडे नेऊ नये. काही पाळकसाहेबांनी आणि वडीलधाऱ्यांनी उपासनेत ढोलकी नको असे म्हटले, तर त्यामागे निव्वळ सोवळेपणा असतो असे मला वाटत नाही. त्यांच्या कानात त्या बोलांचा संबंध पक्का असतो, आणि तो संबंध सैल होण्यास अवधी द्यावा लागतो. आम्ही एकतारी, एक जोडी टाळ आणि ढोलकी एवढीच वाद्ये ठेवली, आणि ढोलकीवर भजनी ठेक्यापलीकडे काही वाजवायचे नाही, असे वादकाशी ठरवून घेतले. गोव्याच्या आणि वसई-मुंबईच्या ख्रिस्ती समाजांनी घुमटासारखे मातीचे वाद्य आपल्या लग्नकार्यांत आणि सणांत पिढ्यान्‌पिढ्या वाजवले. गोवा सरकारने 2019 साली त्यास राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यताही दिली. घोरपडीच्या कातड्यास वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने मनाई झाल्यापासून त्याचे तोंड शेळीच्या कातड्याने मढवतात. घुमट आम्हांस मिळाले असते तर मी ते आनंदाने घेतले असते, कारण खोलीत ते ढोलकीपेक्षा मऊ वाजते.

पेटीबद्दल दोन शब्द वेगळे लिहिणे प्राप्त आहे. हार्मोनियम हे वाद्य पॅरिसच्या अलेक्झांडर दबाँ याने 1840 च्या सुमारास सिद्ध केले आणि मिशनरींच्या प्रार्थनामंदिरांबरोबर ते हिंदुस्थानात रुळले; कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायपेटीची हातपेटी केली, आणि मग ते कीर्तनकाराच्या, भजनी मंडळाच्या आणि नाट्यगृहाच्या इतके अंगवळणी पडले की त्याचे मूळ कोणाच्या ध्यानीही राहिले नाही. आकाशवाणीने मात्र 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला मज्जाव केला होता, कारण तिचे स्वर ठाम असतात आणि त्यांना मींड येत नाही. ओवीच्या चालीला हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो: मावशींचा गंधार पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कोठेतरी उतरत होता, आणि पेटी साथीला घेतली की त्या नकळत पेटीच्या गंधाराकडे ओढल्या जात. म्हणून पेटीवर फक्त षड्ज-पंचम धरून सुरुवातीला पट्टी दाखवली आणि नंतर ती बंद केली. पट्टीही गाणारीची ठेवली, काळी चार. पुरुषांना ती उंच पडते, तेव्हा त्यांनी झील खालच्या सप्तकात धरावी असे ठरले, आणि त्यामुळे झिलेला आपोआप एक भारदस्तपणा आला.

आता खोलीकडे वळू. दहा फूट गुणिले बारा फुटांच्या खोलीत ध्वनी कसा वागतो, हे समजल्याखेरीज माईकवर खर्च करणे व्यर्थ आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. दहा फूट, म्हणजे तीन मीटरांहून किंचित अधिक अंतरावर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्झची लहर नेमकी अर्धी मावते आणि तेथल्या तेथे उभी राहते. तिची दुप्पट, 112 हर्ट्झ, तीही तशीच. ढोलकीच्या घुमणाऱ्या तोंडाचा आवाज याच आसपास असल्याने एखादा बोल अकस्मात फुगतो आणि दुसरा पार दबतो. वादकाच्या हाताचा त्यात काही दोष नसतो. भिंतीलगत हा फुगवटा सर्वाधिक असतो, खोलीच्या ऐन मध्यावर पहिली लहर जवळपास नाहीशी होते आणि दुसरी जोरात असते. म्हणून माईक ना भिंतीशी ठेवावा ना मध्यावर, एखाद्या भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ठेवून पाहावा, आणि वादकाला वाजवत ठेवून स्वतः खोलीत फिरून, जेथे सगळे बोल सारखे ऐकू येतील तेथे थांबावे.

पुष्कळ लोक भिंतींना गोधड्या टांगतात. गोधडी उपयोगी आहे, पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. ध्वनी शोषण्यासाठी जाडी लागते, आणि ती लहरीच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी असेल तेव्हा परिणाम पुरा होतो. 100 हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब, तिचा चौथा हिस्सा 85 सेंटिमीटरांच्या वर. दोन-चार सेंटिमीटरांची गोधडी वरचे, टाळांच्या आणि ‘स’कारांच्या पट्टीतले स्वर गिळते आणि खालचा घुमारा तसाच ठेवते. चारही भिंती गोधड्यांनी मढवल्या तर गाणे विहिरीतून आल्यासारखे कोंदट होते. आम्ही गाणारीच्या पाठीमागे एक गोधडी टांगली, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे उघडी ठेवली, गाद्या उभ्या करून दोन कोपरे झाकले, आणि एक भिंत मुद्दाम उघडी सोडली. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवण्याची सार्वत्रिक रीत मात्र निरुपयोगी आहे. त्यांत वजनही नसते आणि जाडीही नसते.

हजीऱ्यात आणखी एक अडचण असते, ती बाहेरच्या आवाजाची. कारखान्यांचा घरघराट रात्रंदिवस चालू असतो, आणि तो मंद्र असल्यामुळे खिडक्या बंद करूनही आत येतो. त्यात मागे येणाऱ्या ट्रेलरची पिपाणी, आणि पावसाळ्यात समुद्रावरून येणारा वारा. आमची वेळ रविवारी दुपारी ठरली, कारण त्या वेळी वाहनांची ये-जा कमी असते. पंखा बंद, फ्रिजचे बटण बंद; ते पुन्हा सुरू करण्याची आठवण राहावी म्हणून घरातील गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवण्याची कोणीतरी काढलेली युक्ती फार चांगली आहे. खालच्या घरघरीसाठी 80 हर्ट्झखालचे सगळे छाटणारी चाळणी नंतर लावता येते, परंतु ढोलकीचा दम त्याच्या जरा वरच असतो, तेव्हा चाळणी हलक्या हाताने लावावी. दमट हवेने ढोलकीची पुडी सैल पडून स्वर उतरतो, याचा अनुभव समुद्रकाठच्या प्रत्येक वादकाला आहे; दर मुद्रणापूर्वी ती पट्टीशी जुळवून घ्यावी.

माईक किती वापरावेत, याबद्दल माझे मत ठाम आहे: अशा गाण्याला एक चांगला कंडेन्सर माईक, फार तर दोन, पुरे. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मुद्रणासाठी विजेचा माईक वापरात आलाच नव्हता. कर्ण्यापुढे माणसे जवळ-दूर बसवून आवाजाचा तोल साधायचा, एवढाच उपाय हाती होता. विद्युत्‌ मुद्रण 1925 पासून आले आणि पुढे ट्रॅक वेगवेगळे करण्याची सोय झाली; परंतु जवळ-दूर बसवण्याच्या त्या कलेत एक शहाणपण होते, ते घरच्या मुद्रणात आजही उपयोगी पडते. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे ही उतरण थोडी कमी असते. मावशी माईकपासून दोन फुटांवर, झील धरणारे चार-साडेचार फुटांवर अर्धवर्तुळात, ढोलकी त्यांच्याही मागे गादीच्या आडोशाला, आणि टाळ दाराबाहेरच्या पडवीत. टाळाचा आवाज अतिशय तीक्ष्ण असतो, आणि तो माईकजवळ असला तर इतर सगळ्यांवर मात करतो. पडवीतून येताना तो जुन्या देवळातल्या भजनासारखा गोल होऊन येतो. एकतारी मात्र गाणारीच्या हातीच हवी. तिला ती धरली की हात काय करावेत हा प्रश्न उरत नाही.

रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर करावे. एका माईकच्या एका मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे जागेची चिंता नको. गेन असा ठेवावा की सर्वांत उंच क्षण उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील, कारण भरात आलेली माणसे तालमीपेक्षा नेहमीच अधिक जोरात गातात. मोबाइलवर मुद्रण करणाऱ्यांसाठी एक इशारा अत्यावश्यक आहे: बोलण्यासाठी बनवलेली आवाज-शुद्धीची व्यवस्था अखंड चालणाऱ्या स्वराला गोंगाट समजते आणि पुसून टाकते, आणि एकतारीचा आधारस्वर तर अखंडच असतो. ती व्यवस्था आणि आपोआप गेन कमी-जास्त करणारी सोय, दोन्ही बंद करता येतील असेच ॲप वापरावे.

मात्र या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट लय ही आहे. आजची रूढ रीत अशी की, कानात क्लिकचा ठोका घेऊन एकेकाने आपापला भाग वेगवेगळा गावा आणि मग सगळे जुळवावे. या रीतीने चुका दुरुस्त करणे फार सोपे होते, हे खरे. पण भजनाची आणि ओवीची लय यंत्राच्या ठोक्यासारखी सरळ जात नाही. ओवी श्वासाबरोबर किंचित आत-बाहेर होते. भजन पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत हळूहळू चढते, आणि ते चढणे हाच त्याचा प्राण आहे. झील धरणारा पुढे गाणाऱ्या गायिकेकडे पाहतो, तिच्या खांद्याची हालचाल पाहून शब्द उचलतो, आणि वादक त्या दोघांकडे पाहतो. ही देवघेव सर्वजण एकाच वेळी, एकमेकांच्या नजरेत असतानाच घडते. म्हणून सबंध गीत सलग घ्यावे, दोन-तीन टेक घ्यावेत, आणि त्यांतला एक जसाच्या तसा निवडावा. एका टेकचे कडवे दुसऱ्यात जोडण्याचा मोह आवरावा, कारण लय निराळी असल्याने सांधा कानाला बोचतोच. निवडताना सूर किती अचूक लागला याआधी शब्द किती स्पष्ट पोहोचला हे पाहावे. उपासनेच्या गीतात शब्द हरवला तर बाकी सगळे असून नसल्यासारखे.

नंतरच्या संस्कारांत फारसे काही उरत नाही. थोडी चाळणी, झील फारच मागे गेली असेल तर किंचित वर, आणि कृत्रिम घुमारा जवळजवळ शून्य. गळ्याचा सूर यंत्राने सरळ करणारी सोय येथे वापरू नये, असे मी निक्षून सांगेन. मावशींचा तो मधला गंधार त्या सोयीने पहिल्या झटक्यात पेटीच्या पट्टीवर नेऊन बसवला असता.

कायद्याची बाजूही तपासून घ्यावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यान्वये गीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. टिळक 1919 साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या रचना गाण्यास आणि नव्या चालीत बसवण्यास कोणाच्या परवान्याची गरज नाही. परंतु अलीकडच्या कवीचे गीत, एखाद्या हयात संगीतकाराची चाल किंवा नवे भाषांतर घ्यायचे असेल, तर त्यांची लेखी संमती घेतलीच पाहिजे. जात्यावरची चाल कोणा एकाची नाही, आणि कायदाही तिला मालक देत नाही. पण म्हणून ती बेवारस ठरत नाही. चाल कोणत्या गावची, कोणाकडून ऐकली, गाणारीने ती कोणाकडून शिकली, याची नोंद मुद्रणासोबत राहिली पाहिजे, आणि गाणारीचे नाव द्यायचे की नाही हे तिला विचारून ठरवले पाहिजे. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात हिंदुस्थानच्या शेकडो बोलींचे नमुने जमवताना बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त प्रत्येक बोलीत सांगवून घेतला गेला. खानदेशी बोलीला त्याच्या नवव्या खंडात 1907 साली स्थान मिळाले, आणि पुढे काही बोलींच्या ग्रामोफोन तबकड्याही झाल्या. ते दप्तर आज मोलाचे वाटते, कारण प्रत्येक नमुन्यासोबत तो कोणत्या जिल्ह्यातला हे लिहिलेले आहे.

आमच्या मुद्रणाच्या फाइलीबरोबर मी एक पानभर मजकूर ठेवला आहे: अभंगाचा पाठ कोणत्या आवृत्तीतून घेतला, पट्टी, ठेका, वाद्ये, माईक कोठे होता, तारीख आणि वेळ. चाळणी न लावलेली मूळ फाइलही वेगळी राखली आहे, कारखान्याच्या घरघरीसह. प्रती तीन, त्यांतली एक नंदुरबारला मावशींच्या मुलीकडे. तिने ती ऐकून कळवले आहे की, तिची आजी हीच चाल म्हणताना तिसऱ्या चरणात थांबत असे, चौथ्यात नव्हे. पुढच्या खेपेस तसे गाऊन पाहण्याचे ठरले आहे.